शब्दावर घेतलेली जीप

सावळेवाडी, ता. तासगाव
९ मार्च १९७६

सुकुमार,

वर 'प्रिय' लिवलेलं न्हाई ते चुकून न्हाई, मुद्दाम. बोर्डिंगात असताना तू माझी घरची पत्रं तपासून द्यायचास. 'दादासो, हाय नव्हे, आहे' म्हणून लाल रेघ मारायचास. आज रेघ मारू नगंस. भांडायचं हाय, तवा बोलतो तसंच लिवणार.

तुझ्याकडनं घेतलेली जीप शुक्रवारी तासगावच्या उतारावर मोडली. बिघडली न्हाई, मोडली. मागं द्राक्षाच्या पेट्या हुत्या आणि पेट्यांच्या कडंला आई बसली हुती. तिला बहिणीकडं जायचं हुतं. एस.टी.नं जा म्हणलं तर म्हणाली, लेकाची गाडी असताना एस.टी.चे धक्के कशाला खाऊ? उताराला खाडकन आवाज झाला, गाडीचं पुढचं अंग खाली बसलं आणि ती बांधावर चढून कलंडली. आमचा धाकटा भाऊ, गुंडा, चालवत हुता. त्याला नुसतं खरचटलं. आईचं मांडीचं हाड मोडलं. मिरजेच्या दवाखान्यात पायाला वजनं बांधून झोपवलीया. मी गेलो की पयलं विचारती, "पेट्या किती फुटल्या रं?"

मिस्त्रीनं गाडीखाली दिवा धरून मला दाखवलं. चासी तुटलीया. सगळी गाडी जिच्यावर उभी असती ती लोखंडाची चौकटच. आणि तुटली ती जुन्या जोडावर. कुणीतरी मोडलेली चासी वेल्डिंग करून जोडली हुती आणि वरनं काळा रंग फासला हुता.

आता मी काय म्हणू, तूच सांग. विश्रामबागेत तुझ्या आवारात येणारी बाकीची गिऱ्हाइकं गाडीखाली उताणी पडून बघायची, चाकाला लाथा घालायची, तेल बोटावर घेऊन वास घ्यायची. मी वाकलो बी न्हाई. गुंडा वाकाय लागला तर शर्टाला धरून त्याला मागं ओढला. दोस्ताच्या मालाखाली डोकं घालायचं म्हंजे त्याला तोंडावर चोर म्हणायचं. आमच्यात तसं करत न्हाईत. तू हसलास आणि तुझ्या रीतीनं गाडीच्या खोडी सांगाय लागलास. दुसरा गिअर निसटतो, वायपर पावसातच रुसतो, हॉर्न वाजवण्यापेक्षा खाली उतरून ओरडलेलं बरं. आणि शेवटी म्हणालास, "चासी मात्र अखंड आहे. मिलिटरीच्या लिलावातून आणली तेव्हा मी स्वतः खाली शिरून बघितली आहे." अखंड! तुझाच शब्द हाय हा. त्या शब्दावर मी जीप घेतली.

आता वाटतंय, बारक्या खोडी सांगायच्या त्या मोठी झाकायला. लय हुशार हायस बाबा.

गाव पेटलंय. पोलिसात जा म्हणत्यात. मी म्हणलं, न्हाई, त्यो माझा दोस्त हाय, आदी देवाम्होरं बोलू दे. येत्या रविवारी आमच्या खंडोबाच्या देवळात ये आणि बेल-भंडार उचल. बेलाचं पान आणि देवाची हळद तळहातावर घ्यायची आणि सगळ्यांदेखत बोलायचं, एवढंच. तसं करून आमच्या गावात कुणी खोटं बोलत न्हाई. बोललं तर घर बसतं. तू उचललास आणि 'विकली तेव्हा अखंड होती' म्हणलास, की भर देवळात तुझे पाय धरतो आणि मिस्त्रीच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो.

न्हाई आलास तर काय समजायचं ते मी समजंन.

दादासो


सावळेवाडी
१६ मार्च १९७६

सुकुमार,

तू आलास. मला वाटलं हुतं, येणार न्हाईस. रोज गाड्या विकणारा माणूस एस.टी.नं आलास. वाटेत मिरजेला उतरून आईला बघून आलास, हे मला मागनं आईकडनं कळलं. देवळात त्यातलं एक अक्षर तू काढलं न्हाईस.

पुजाऱ्यानं थाळी पुढं केली तसा तू मागं सरलास. हात पाठीशी बांधलेस आणि म्हणालास, "मी विकली तेव्हा गाडी अखंड होती. हे मी सांगतो. भंडारा मात्र मी उचलणार नाही." बास. तात्याबानं विचारलं का, तर म्हणालास, "माझा नेम आहे." त्यो म्हातारा कसा हाय तुला ठाऊक न्हाई. म्हणला, "आवं शेट, हळदीनं हात पिवळा हुईल, दुसरं काय व्हायचंय?" लोक हसले. तू हसला न्हाईस.

मग गुंडा पुढं झाला. मी सांगितलं नव्हतं त्याला, देवाच्यान. आपणहून गेला, हळद घेतली, बेलाचं पान घेतलं आणि बोलला, "जीप आमच्या दारात आल्यापास्नं तिला काय बी झालेलं न्हाई. जे झालं ते त्याच्या आदीचं." हात हलला न्हाई पोराचा. सगळ्या देवळानं येळकोट केला. खरं सांगतो, माझी छाती भरून आली. आणि त्या भरात मी बोललो.

काय बोललो ते परत लिवून दाखवत न्हाई. 'धंदेवाल्याला दोस्त नसतो, नुसती गिऱ्हाइकं असतात' एवढं आठवतंय. पुढचं आठवत न्हाई असं धर.

लेका, चिमूटभर हळद रं! तुमच्या आमटीत घालत न्हाईत का? तुझा नेम मला ठाऊक न्हाई असं न्हाई. गोट्या खेळताना आमी सगळी 'आईशप्पत' म्हणायचो, तू म्हणायचा न्हाईस. आणि गाड्यांचा धंदा काढलास तवा बाहुबलीला जाऊन तुमच्या जैन मुनीमहाराजांपुढं नेम घेऊन आलास. मला म्हणालास, "या धंद्यात माणसं सकाळपासून शपथाच खातात. मी एकही खाणार नाही. सांगायचं ते एकदा आणि खरं." मी तवा तुला लय चिडवलं हुतं, मग गाड्या काय मुक्यानं विकणार का म्हणून. पण नेम अडीअडचणीला मोडतो की गड्या. आजारी माणूस एकादशीला भात खातोच की. माझ्यासाठी एकदा मोडला असतास तर महाराज काय काठी घेऊन आले असते?

का न्हाई उचललास? दोन ओळी लिव. मी कुणाला दाखवणार न्हाई.

दादासो


सावळेवाडी
२ जून १९७६

सुकुमार,

दोन ओळीबी आल्या न्हाईत. ठीक हाय.

आई घरी आली. काठी घेऊन उंबऱ्यापतोर चालती आणि उंबऱ्यात बसून सगळ्यांना कामाला लावती. गुणमालावहिनी बाजाराच्या दिवशी दवाखान्यात तिच्यासाठी डबा घेऊन यायच्या. मी दिसलो की डबा खाटेवर ठेवून दुसऱ्या दारानं निघून जायच्या. एकदा मी म्हणलं, वहिनी, थांबा की. तर म्हणाल्या, "मी आईंकडं आले होते." तुझी बायको मला एवढं तोडून कवा बोललेली न्हाई.

आई काय म्हणती, ऐक. "सुकुमार खोटं बोलायचा न्हाई. आणि गुंडानं भंडारा उचललाय, म्हंजे त्योबी खोटं बोलायचा न्हाई. तवा जीपच खोटी." मी म्हणलं, आई, जीप कशी खोटी असंल? तर म्हणती, "मला काय विचारतोस? दोघांना वळखणारा तू. तूच शोध."

दुसरं सांगायचं हाय. सोमवारी सांगलीत आलो हुतो. तुझ्या आवारासमोरच्या हाटेलात बसलो. तुला दिसलो असंन तर दिसलो. लय वेळ बसलो, पण एक माणूस आत शिरला न्हाई. पूर्वी लोक म्हणायचे, सुकुमारनं सांगितलंय ना, मग बघायचं काय त्यात? आणि किल्ली घेऊन चालले. परवा शेजारच्या बाकड्यावर एक विट्याचा माणूस दुसऱ्याला सांगत हुता, "इथं नगं रं. हितल्या गाडीनं एका म्हातारीची तंगडी मोडली. देवाम्होरं उभा केला तर पळून गेला त्यो." पळून गेला, म्हणं! तू पळाला नव्हतास. एस.टी.ची वाट बघत वेशीबाहेर उन्हात उभा हुतास. तुला कुणी पाणी विचारलं न्हाई. मीबी न्हाई.

मी त्या माणसाला तितंच सांगायला पायजे हुतं. चहा पिऊन उठलो.

ही गोष्ट तालुकाभर फिरवली कुणी? मीच की. बाजारात सांगितली, सोसायटीत सांगितली, बेदाण्याच्या शेडवर बायकांना सांगितली. सांगाय लागलं की माणसं गोळा व्हायची, मलाबी जोर चढायचा. आता दुसरा कुणी सांगाय लागला की मी तिथनं उठतो. का ते कळत न्हाई.

राग गेला असं समजू नगंस. पण पयल्यासारखा चढत न्हाई.

दादासो


सावळेवाडी
२८ जानेवारी १९७७

सुक्या,

फाडायचं असंल तर वाचून फाड.

राहीचं माहेर माणात, दहिवडीच्या पलीकडं, तुला ठाऊक हाय. तिच्या भाच्याचं जावळ काढायचं हुतं म्हणून आमी नवरा-बायको गेलो. मटण-भाकरी झाली, मी अंगणात पान जमवत बसलो हुतो. धुळा म्हणून तिकडचा एक मेंढरं राखणारा माणूस शेजारी येऊन बसला. तंबाखू मळत म्हणला, "पावणं, तुमची ती जीप हाय का अजून?"

मी म्हणलं, मोडली.

"मोडंल न्हाई तर काय वं! आमच्या ओढ्यात पाक उताणी झालती. आमी समद्यांनी दोर लावून सुलटी केली. मधनंच चिराळली हुती ती. तुमच्या भावानं आमाला पेढं चारलं आन् म्हणला, दादाच्या कानावर घालू नगा. लय ब्याद माणूस हाय म्हणं तुमी." आणि हसून विचारतो, "त्याची कंबर बरी हाय का आता?"

त्याला काय ठाऊक, काय बोलून बसला त्यो. माझ्या हातातलं पान हातातच राहिलं.

मग मला सगळं आठवाय लागलं. गाडी घेतली त्याच वर्साच्या शेवटाला गुंडा दहिवडीकडं कुस्त्या बघाय जातो म्हणून जीप घेऊन गेला हुता. ठरल्यापेक्षा उशिरा आला. विचारलं तर म्हणला, दुसरा गिअर निसटाय लागला, वाटेत दुरुस्त करून घेतला. बघ कसं हाय. तू खरेपणानं जी खोड सांगितली हुतीस, तिच्याच आडोशाला त्यो लपला. आणि मी मान हलवली, सुकुमार म्हणलाच हुता म्हणून.

घरी आलो ते थेट मळ्यात गेलो. गुंडा न्हाई म्हणला न्हाई. मांडवाखाली खाली बसला आणि म्हणला, "दादा, आदी तुझ्या भ्यानं बोललो न्हाई. मग आई पडली, मग तर तोंडच उघडंना. देवळात सुकुमारभाऊंनी भंडारा उचलला असता, तर सगळं माझ्यावर आलं असतं. ते मागं सरले आणि मला वाटलं, देवानंच वाट दिली."

देवानं वाट दिली, म्हणं! मी त्याला मारलं. हातानं मारलं, चपलेनं मारलं. त्यानं हात वर केला न्हाई. मग त्यो रडाय लागला आणि मीबी तिथंच बांधावर बसून रडलो. वडील गेले तवा त्यो एवढासा हुता. माझ्याच ताटात जेवून मोठा झालाय.

सुक्या, तू खरा हुतास. ज्यानं भंडारा उचलला त्यो खोटा आणि ज्यानं उचलला न्हाई त्यो खरा. पण त्या पोराला तरी भ्या हुतं. मला कसलं हुतं? तुझ्या शब्दावर मी गाडीखाली वाकलो न्हाई म्हणून मिशीला पीळ देत हिंडत हुतो, आणि मिस्त्रीनं एक दिवा दाखवला तर तुला देवाम्होरं उभा केला. शपथ न्हाई खात म्हंजे त्यो खोटा, असं बाकीच्यांनी धरलं ते त्यांच्या अकलेनं. तुझा नेम ठाऊक असून मी धरलं.

आता पुढचं लिवताना हात मागं येतोय. गुंडाचं लगीन ठरलंय, एप्रिलात. पलूसची पोरगी हाय, माणसं चांगली हायत. हे आत्ता देवळात सांगितलं तर सोयरीक मोडंल. खोटा भंडारा उचलणाऱ्याच्या घरात कोण पोरगी देतंय? आणि आईला कळलं तर ती अन्नाला शिवायची न्हाई. घर बसणार म्हणून रोज वाट बघत बसंल. तवा एवढं लगीन पार पडू दे. तू इतके दिवस गप राहिलास, अजून थोडं थांब. मी काय मागतोय ते मला कळतंय. तरी मागतोय.

तुझा
दाद्या


सावळेवाडी
२२ मे १९७७

सुक्या,

लगीन झालं. घरातले पाहुणे पांगले तसा विश्रामबागेत आलो. आवाराला कुलूप. बोर्ड उतरवलेला. समोरच्या हाटेलवाल्यानं सांगितलं, उरलेल्या गाड्या एका मुंबईवाल्याला पडत्या भावानं दिल्यास आणि बायको-पोरं घेऊन निपाणीला गेलास. वहिनींच्या भावाच्या तंबाखूच्या वखारीत हिशेब लिवायला बसतोस. कवा गेला म्हणलं, तर म्हणाला पाडव्याच्या सुमाराला. पाडव्याच्या सुमाराला मी लग्नाच्या पत्रिका वाटत हिंडत हुतो. तुझ्या दारावरनं दोनदा गेलो. कुठल्या तोंडानं पत्रिका देऊ म्हणून आत आलो न्हाई. आलो असतो तर सामान बांधताना तरी दिसला असतास.

हाटेलवाला म्हणला, "शेवटी शेवटी चांगली गाडी असली तरी माणसं विचारायची, भंडारा उचलता का? ते न्हाई म्हणायचे आणि माणसं जायची." ते ऐकून मी तिथं पाणीसुद्धा प्यालो न्हाई.

हे कार्ड निपाणीच्या पत्त्यावर टाकतोय. मी सांगणार हाय, सुक्या. माझ्या मनानं ठरलंय. फक्त सून नवी हाय, तिच्या अंगाची हळद उतरली न्हाई अजून. आखाड सरू दे, म्हंजे

बघ, परत सुरू झालो. नीट वाचलंस तर मागच्या पत्रापास्नं मी तुझ्याकडं मुदतच मागतोय. हे पत्र इथंच थांबवतो.

दाद्या


सावळेवाडी
१७ डिसेंबर १९७७

सुक्या,

सांगितलं.

काल चंपाषष्ठी. आदल्या दिवशी गुंडाला म्हणलं, मी उद्या बोलणार. त्यो म्हणला, "बोल दादा. मला बी झोप लागत न्हाई. पण मी तिथं उभा ऱ्हाणार न्हाई." बायकोला घेऊन पलूसला गेला. सकाळी आईला सांगितलं. मला वाटलं हुतं, छाती बडवून घेईल. तिनं काठी भिंतीला लावून ठेवली आणि म्हणाली, "म्हंजे मला दोन्ही लेकांनी फसवलं. एकानं बोलून आणि एकानं गप बसून. तुला कवाचं ठाऊक हाय?" मी म्हणलं, जानेवारीपास्नं.  माझ्या हातचं पाणी सुद्धा घेतलं न्हाई, राहीला मागितलं. पण देवळात आली. बायकांच्या मागं खांबाला धरून उभी राहिली.

भरल्या देवळात मी सगळं सांगितलं. ओढा, दोर, वेल्डिंग, गुंडाचा खोटा भंडारा, माझं गप बसणं.  मग तात्याबा म्हणला, "दादासो, हे तरी खरं कशावरनं? का सुकुमारशेटनं काय द्यायचं कबूल केलंय तुला?" आणि पुजाऱ्यानं थाळी पुढं केली.

मला वाटलं, तुझ्यासारखं हात पाठीशी बांधावं. म्हणावं, मी सांगतोय ते सांगतोय. पण मी तसं केलं असतं तर तू तसाच चोर राहिला असतास. मी उचलला. हळद घेतली, पान घेतलं, घसा ताणून बोललो. आणि सुक्या, एका क्षणात सगळं देऊळ म्हणलं, "म्हंजे सुकुमारशेट खरा!" तात्याबानं डोक्याचा पटका काढून हातात घेतला. म्हणला, "माझी जीभ झडली न्हाई अजून, हेच नवल." बायका रडाय लागल्या. तुझ्या नावानं नारळ फोडला लोकांनी.

आज सकाळपास्नं मी तालुक्यात फिरतोय. बाजारात सांगितलं, सोसायटीत सांगितलं, विट्याला जाऊन एस.टी. स्टँडवर सांगितलं. जितं जितं तुझी निंदा केली हुती तितं तितं जाणार हाय. लोक म्हणत्यात, मग माणूस परत आणा की. विश्रामबागेतलं आवार अजून मोकळं हाय, मालकाशी बोललोय. तू ये. पयलं गिऱ्हाईक मी. तू म्हणशील ती गाडी, म्हणशील त्या खोडींसकट न्हेतो. वहिनींना सांग, सामान बांधाय मी बैलगाडीभर माणसं घेऊन येतो.

तुझं नाव धुऊन निघालं गड्या. आता रागवायला तुझ्याकडं काय उरलंय?

तुझा दाद्या


सावळेवाडी
११ जानेवारी १९७८

सुक्या,

तुझं कार्ड आलं. सगळ्या पत्रांना मिळून एक. ते मी इथं उतरवून काढतो, म्हंजे तुला कळंल की मी नीट वाचलंय, माझ्या सोयीनं वाचलं न्हाई.

'श्री. दादासो यांस,
तुमचे पत्र पोहोचले. मातोश्री चालू लागल्या हे वाचून आनंद झाला. गावाने माझ्याविषयीचा गैरसमज दूर केला, त्याबद्दल मी गावाचा आभारी आहे. मी येथे बरा आहे. गाड्यांचा धंदा पुन्हा करणार नाही, तरी आवाराच्या मालकांना अडकवून ठेवू नये. गुंडावर फार राग धरू नका, तो लहान आहे. एक गोष्ट लिहितो, वाईट वाटून घेऊ नये. त्या रविवारी मी गावापुढे आलो नव्हतो. गावाने मला खोटे ठरवले याचे मला तितकेसे वाटले नाही. गावाला मी कोण? तुमच्या एकट्याचा विश्वास मला पुरला असता.
सुकुमार'

आई आता माझ्याशी बोलती. तिला कार्ड वाचून दाखवलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यो तुला 'तुमी' का म्हणतोय रं?" मी कार्ड घडी घालून खिशात ठेवलं. परत विचारलं, तवा मी गोठ्यात निघून गेलो.

निपाणीला यायला पिशवी भरली हुती. ती अजून खुंटीला हाय. येऊन सांगू काय? गावाला पटवायला मला एक पान आणि चिमूटभर हळद पुरली. तुझ्यापुढं हात पुढं करून मी कसला भंडारा उचलू? आणि तू तर तसलं बघतबी न्हाईस.

माझी तक्रार न्हाई. तू लिवलंस ते खरं हाय. एवढंच लिवायचं राहिलंय, ते लिवतो आणि पाकीट बंद करतो. 'विकली तेव्हा अखंड होती' म्हणताना तू पुजाऱ्याकडं बघत नव्हतास, तात्याबाकडं न्हाई, गर्दीकडं न्हाई. माझ्याकडं बघत हुतास. मी थाळीकडं बघत हुतो.

दादासो